एफडीएचं (राज्याच्या अन्न व औषध खात्याचं) रजिस्ट्रेशन आहे तरी परत दुसरं लायसन? नक्की कोणाचं ऐकायचं?

लालबागची_पोर
नमस्कार मंडळी. आईचं लालबागला पोळीभाजी केंद्र आहे, चाळीच्या तळमजल्यावर छोटासा गाळा, आई आणि दोन मावश्या मिळून पोळ्या, भाज्या, सणाला पुरणपोळ्या, एवढंच. फूड रजिस्ट्रेशन रीतसर काढलंय, फ्रेम करून भिंतीवर लावलंय. तर मध्ये एक साहेब येऊन गेले, म्हणाले पाण्याचा रिपोर्ट आणि बायकांचं मेडिकल तयार ठेवा, बाकी जागा ठीक आहे. आणि आता दुसरे आले ते म्हणतात हे रजिस्ट्रेशन चालणार नाही, हेल्थ लायसन कुठाय, आणि ही शहाबादी फरशी काढून टाइल्स लावा. कुठल्या खात्याचे ते आईने विचारलंच नाही, घाबरली ती. अहो मग सगळ्यांनी मिळून एकदाच सांगा ना काय ते! अख्ख्या देशाला खाण्याचा एकच कायदा आहे म्हणतात, मग आमच्या गल्लीत येईपर्यंत त्याचे तीन तुकडे कसे होतात?

खानावळ_दादर
ताई, फरशीला हात लावू नका अजून. आधी लेखी मागा. तोंडी सांगितलेल्यावर खर्च करायचा नाही, हॉटेल लाइनमध्ये हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि हो, कागद दोन वेगळे लागतात. अन्नाचा एफडीएकडचा, आणि जागेचा पालिकेचा, 394 चं लायसन म्हणतात त्याला, 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यातलं कलम आहे ते. लालबाग म्हणजे एफ दक्षिण, तर परळच्या वॉर्ड ऑफिसात आरोग्य खात्यात विचारा. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, ती वेगळी, पण तुमच्यासारखी मोजकी माणसं असली तर 2017 च्या कायद्याने नुसतं ऑनलाइन कळवायचं असतं.

फाईलवाला
लायसनची कामं करतो म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या. राज्यघटनेत अन्नातली भेसळ हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या सामायिक यादीत आहे, पण सार्वजनिक आरोग्य राज्याच्या यादीत. गोंधळाचं मूळ तिथेच. 1954 च्या भेसळ कायद्याच्या काळात पालिकेचेही फूड इन्स्पेक्टर नमुने उचलायचे. मग 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आला, 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला आणि जुने सगळे त्यात गुंडाळले, फळांचा आदेश वेगळा, दुधाचा वेगळा, मांसाचा वेगळा असं होतं ना, ते संपलं. आता मानकं दिल्लीत ठरतात, राबवतो राज्याचा अन्न सुरक्षा आयुक्त, म्हणजे आपल्याकडे बीकेसीची एफडीए. मोठ्या कंपन्या आणि आयातवाले थेट केंद्राकडे. नंबर बघितला की कळतं: 14 आकडी असतो, 1 ने सुरू म्हणजे लायसन, 2 ने सुरू म्हणजे रजिस्ट्रेशन, पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र 15. तुमचा 215 ने सुरू होत असणार. 100 दिसलं की केंद्राचं.

आता खरी गंमत ऐका. स्वच्छतेचे नियम शेड्यूल 4 मध्ये आहेत पण त्याचे भाग आहेत. रजिस्ट्रेशनवाल्या छोट्यांना भाग 1, लायसनवाल्यांना भाग 2. दरवर्षी मेडिकल हे भाग 2 मध्ये स्पष्ट लिहिलंय. छोट्यांसाठी संसर्गजन्य आजार असलेल्याला कामावर ठेवू नका, जखम झाकून ठेवा, पिण्यालायक पाणी वापरा अशा गोष्टी आहेत. तपासायला येणारा कुठला भाग डोक्यात घेऊन आलाय त्यावर तुमचं नशीब. आणि फरशी? नियमात एवढंच आहे की जमीन आणि भिंती चांगल्या स्थितीत, गुळगुळीत, साफ करायला सोप्या हव्यात. शहाबादी की टाइल्स ते कुठेच नाही, त्यामुळे एकाला चालते आणि दुसऱ्याला खुपते. कायदा एक करणं सोपं होतं हो, बघणारे डोळे एक करणं कोणी मनावर घेतलं नाही.

गोळेवाला_नाही
बर्फाचं आठवतंय का? पालिका नमुने तपासणार, ई कोलाय जंतू सापडणार, गाड्यावरचा बर्फ फेकून देणार, पण तो आला कुठून तर मासे थंड ठेवायच्या बर्फाच्या कारखान्यातून, आणि तिथला मालक म्हणणार मी खायला विकतच नाही. शेवटी 2018 ला एफडीएने आदेश काढला की न खायच्या बर्फात निळा रंग टाका. झालं, आता गाड्यावरच्या पोरालाही दिसतं कुठला कुठला ते. असं काहीतरी ठरवा राव, जे बघायला ऑफिसर लागत नाही. समन्वय समिती वगैरे म्हणजे चहा बिस्किटं.

लालबागची_पोर
@फाईलवाला खूप आभार, 215 नेच सुरू होतो! पण कुठेतरी वाचलं की 2006 चा कायदा बाकी सगळ्यांच्या वर आहे, मग पालिकेचं लायसन कशाला?

फाईलवाला
कलम 89. ते विसंगती असेल तिथे वरचढ ठरतं. पालिका म्हणते आम्ही तुमची भाजी तपासत नाही, गाळा, मोरी, धूर, शेजाऱ्यांचा त्रास बघतो, मग विसंगती कुठाय? वकील यावर दिवसभर भांडतील, तुम्ही त्यात पडू नका, दोन्ही कागद करून टाका. पुढच्या वेळी कोणी आलं तर ओळखपत्र बघायचं, नाव खातं लिहून घ्यायचं. एफडीएला सुधारणा हवी असेल तर कलम 32 ची नोटीस निघते, त्यात काय चुकलं आणि काय करायचं ते लिहावं लागतं, आणि मुदत कमीत कमी 14 दिवस. टाइल्सचं त्यात आलं तर बघू. आणि उलाढाल वाढली असेल तर रजिस्ट्रेशनवर भागणार नाही, 2011 च्या नियमात ती हद्द 12 लाख होती, आत्ताची फॉसकॉस पोर्टलवर, म्हणजे अन्नाच्या लायसनच्या सरकारी साइटवर, बघून घ्या.

खानावळ_दादर
अजून एक, बिलबुकवर तो 14 आकडी नंबर छापलाय ना? 2022 पासून सक्तीचा आहे. आणि पुरणपोळ्या पाकिटात घालून दुकानांना देता का? मग लेबलचे नियम लागले, तारीख, घटक, हिरवा ठिपका सगळं.

लालबागची_पोर
देतो की, डोंबिवलीला मामाच्या दुकानात. लेबल म्हणजे आत्तापर्यंत आईच्या अक्षरात "पुरणपोळी 5" एवढंच आहे 😅