मदत हवी आहे : वडिलांसाठी गाणी ऐकायचा मोबाइल, १५ ते १८ हजारांत

नमस्कार मंडळी. रावेरजवळ आमची केळीची बाग आहे. रात्रीची लाइट आली की वडील मोटार सुरू करून बांधावर बसतात आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकतात. त्या ओव्यांच्या कॅसेट मी डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या मोठ्या फाइलींमध्ये) उतरवून घेतल्या, मिनिटाला साधारण १० एमबी. म्हणजे मेमरी कार्ड हवंच, आणि दोन सिम असताना कार्डाला वेगळी जागा हवी. दुसरं सिम किंवा कार्ड यांपैकी एकच बसणारा हायब्रिड स्लॉट नको.

वायरच्या हेडफोनसाठी फोनला ३.५ एमएमचा जॅक पाहिजे. ब्लूटूथचं चार्जिंग वडील विसरतात. शिवाय एफएमला वायरच अँटेना म्हणून लागते.

काल जळगावात एका दुकानात ‘खास म्युझिक फोन’ म्हणून एक दाखवला. स्पीकर दोन, आवाज दणदणीत. पण पूर्ण आवाजात ओवी लावली तर जात्याची घरघर नुसती खरखर झाली, आजीचा आवाज तिच्यात बुडाला. मन खट्टू झालं. वडिलांना तो आवाज स्वच्छ ऐकू यावा, एवढंच हवंय.

या किमतीत कुणी फोन वर्षभर वापरलाय का? मे महिन्याच्या उन्हात तापतो का? दुकानात पाच मिनिटांत आवाज नेमका कसा पारखायचा, तेही सांगा.