वर्गाचा ब्लॉग : नक्कल कशी टाळावी?

प्रश्न : पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी इतिहास शिकवतो. वर्डप्रेसवर वर्गाचा ब्लॉग सुरू केला. पण बहुतेक नोंदी इतरत्रून जशाच्या तशा उचललेल्या असतात आणि प्रतिक्रिया ‘छान लिहिले आहे’ याच्या पुढे जात नाहीत. काय बदलावे?

उत्तर १ : सर, आधी विषय बदलून पाहावा. ‘औद्योगिक क्रांती’ असा विषय दिला की नक्कल होणारच; त्याऐवजी एखादी जुनी जाहिरात देऊन तिच्यात काय दिसते आणि काय मुद्दाम झाकले आहे, हे १५० शब्दांत लिहायला सांगितले, तर उचलायला आयता मजकूरच सापडत नाही. प्रतिक्रियेत मूळ नोंदीतले एक वाक्य घेऊन त्यावर प्रश्न विचारणे मी सक्तीचे केले आहे.

उत्तर २ : सहमत. मात्र पहिल्या खर्ड्याला मी गुण देत नाही. वर्डप्रेसमध्ये नोंदीच्या जुन्या आवृत्त्या जपल्या जातात, त्यामुळे विद्यार्थ्याने कोणता परिच्छेद पुन्हा लिहिला हे पाहून गुण देता येतात (तपासणीचा व्याप वाढतो, हे खरेच). ब्लॉग सर्वांसाठी खुला असेल, तर टोपणनावाने लिहू द्यावे.

प्रश्नकर्ता : टोपणनावांचा विचारच केला नव्हता. जाहिरातीपासून सुरुवात करतो.