थंडीतला सण भलत्याच ऋतूत केलाय का कोणी? अनुभव लिहा

पोळपाट

ताई आणि भावजी जूनअखेर येतायत. न्यू जर्सीत शाळा तेव्हाच सुटतात, मोठीची शाळा बुडवून जानेवारीत येणं काही जमत नाही, कितीतरी वर्षं हेच चाललंय. धाकटा आता दोनचा झाला, त्याचं बोरन्हाण राहिलंय, ताईचे हलव्याचे दागिने पण राहिलेत (लग्न झालं आणि लगेच उडाली ती), आणि आईने जाहीर करून टाकलंय की या खेपेला संक्रांत करायची म्हणजे करायची. जूनमध्ये. पुण्यात. बोरं कुठून आणू विचारलं तर म्हणे ते तू बघ.

तर मंडळी, घरच्यांसाठी असा सण आगेमागे केलाय का? संक्रांत, नाताळ, काहीही चालेल. काय जमलं, काय नाही, म्हातारी माणसं काय म्हणाली सगळं लिहा. "असं करू नये" वाले येणारच आहेत, तेही या, बसा.

काटेरी

आधी हलव्याचं सांगते कारण गाडी तिथेच अडते. नाशिकला आमच्याकडे हलवा घरी व्हायचा, डिसेंबरच्या थंडीत आणि तेही पहाटे उठून. शेगडीत निखारे, त्यावर राख पसरून आच अगदी मंद केलेली, वर परात, परातीत खसखस नाहीतर तीळ. साखरेच्या पाकाचा एक चमचा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, कोरडं झालं की पुढचा चमचा, घाई केली की सगळ्याचा लाडू होतो. बराच वेळ काही होतंय असं वाटतच नाही, दाणे नुसते पांढरे होत जातात, आणि मग कधीतरी बोटांना टोचायला लागतं, म्हणजे काटा धरला. ज्याचा काटा चांगला त्याचा हात चांगला, असं बायका म्हणायच्या, पण खरं श्रेय हवेचं. आभाळ भरून आलं तरी आई परात उचलून ठेवून द्यायची. पावसाळ्यात काटा येत नाही, येत नाही म्हणजे नाहीच, दाणा गुळगुळीत राहतो आणि वरून चिकट.

त्यामुळे जूनमध्ये करायच्या भानगडीत पडू नका, दागिने जानेवारीतच घेऊन ठेवायचे. आमच्या वहिनीचं असंच झालं, लग्न रथसप्तमी उलटल्यावर, आणि पुढच्या संक्रांतीच्या आत दोघं जर्मनीला जाणार होते, म्हणून जुलैत उरकलं. दागिने स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले होते, आत कोरड्या तांदळाची पुरचुंडी, आणि डबा पाण्याच्या ताटात, मुंग्यांना हे दागिने फार आवडतात. त्या दिवशी एसी लावून ठेवला आणि फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं घातले. तन्मणी, चिंचपेटी, कंबरपट्टा सगळं नीट राहिलं, नथीला तेवढं पाणी सुटलं. ती नाकाखालीच असते ना, श्वासाची वाफ लागते. आणि भाऊ स्वतःच्या हारातले दाणे फोटो चालू असतानाच खात होता, ते कुठल्याही ऋतूत झालं असतं.

पोळपाट

जानेवारीत घेऊन ठेवायला मला जानेवारीत कळायला हवं होतं ना!! ताईचं तिकीट परवा काढलंय. असो, कोणाकडे उरलेले असतील का शोधते, दुकानदारांकडे जुना माल असतोच.

नियमात

आलो. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. तो कोणाच्या रजा बघून होत नाही. दिवाळी काय, संक्रांत काय, प्रत्येकाने आपल्या सोयीने सरकवली तर पंचांग हवं कशाला? जूनमध्ये मुलाचा लाड करा, कौतुक करा, फक्त त्याला संक्रांत म्हणू नका एवढंच.

चहाबाज

नियमात, तारीख तर आपोआपच सरकत आलीये हो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आपण १४ म्हणून पाठ केलेली, २०२४ ला १५ होती. आणि बोरन्हाण काही संक्रांतीच्याच दिवशी करत नाहीत, रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं, म्हणजे सोय आपल्या आज्यांनी आधीच बघून ठेवलेली. जून जरा जास्त ताणलंय हे मान्य.

दक्षिणायन

मेलबर्नहून. इथे १४ जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, कधी कधी पारा चाळीसच्या पुढे, त्यात काळी साडी नेसून तूप लावलेली गुळाची पोळी खायची म्हणजे शिक्षाच. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असतो तेव्हा जातो, वाण घेतो देतो, सगळं व्यवस्थित. पण घरची संक्रांत आम्ही जुलैत करतो आणि त्याचं श्रेय सासऱ्यांना. ते भूगोलाचे मास्तर होते. पहिल्यांदा इथे आले तेव्हा आमची जानेवारीची तयारी बघून म्हणाले, अगं २२ डिसेंबरनंतर सूर्य उत्तरेकडे निघाला म्हणजे तुमच्यापासून लांब निघाला, तुमचा दिवस आता रोज लहान होणार, आणि तुम्ही तिळगूळ कसला वाटताय! खरंच आहे, इथे डिसेंबरअखेर दिवस पावणेपंधरा तासांचा असतो आणि जूनअखेर जेमतेम साडेनऊ तासांचा, वाढायला लागतो तो त्यानंतर. मग त्यांनी पंचांग काढून कर्क संक्रांत दाखवली, १६ जुलैच्या आसपास येते ती. तिकडे दक्षिणायन, इकडे तो परत आपल्या दिशेने यायला लागलेला. सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं, त्या म्हणाल्या तुम्ही शाळेत शिकवा, देव्हाऱ्यात नको. पण जुलैतल्या थंडीत बाजरीची भाकरी, वर तीळ, आणि भोगीची भाजी जेवल्यावर त्यांचा विरोध मावळला.

भाजीचं सांगते, घेवडा गाजर वांगं मिळतं, ओला हरभरा भारतीय दुकानात फ्रोझन, ऊस व्हिएतनामी दुकानात. बोरं नाहीत, त्याच्याऐवजी छोटी मँडरिन संत्री, ती तेव्हा ढिगाने येतात. शेजारी ऑस्ट्रेलियन बाईला हे सांगितलं तर तिला काडीचं नवल वाटलं नाही, कारण इथे कितीतरी लोक जुलैत नाताळचं जेवण करतात, खरा नाताळ उन्हात समुद्रावर गेल्यामुळे रोस्ट, पुडिंग, शेकोटी हे सगळं राहून जातं म्हणून. सिडनीजवळ ब्लू माउंटन्समध्ये हॉटेलवाले थंडीभर यूलफेस्ट करतात. ती आमच्याकडे तिळाच्या वड्या खाऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी तिचं पुडिंग आलं.

आता सासरे नाहीत. जुलैतली संक्रांत आहे.

फौजीण

आमचं गाव साताऱ्याकडचं, घरटी एक तरी माणूस सैन्यात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हे काश्मीरात, रस्ता बर्फाने बंद, रजा मंजूर होऊन उपयोग नाही. सासूबाईंनी मला ववसायला नेलं, देवळातलं सगळं त्या दिवशीच केलं, त्यात काही बदल नाही. दागिने, काळी साडी, तिळगूळ मात्र बाजूला काढून ठेवलं, म्हणाल्या तो आला की करू, संक्रांत कुठं पळून जात नाही. सासरे म्हणाले गेलीच की ती. त्यावर घरात दोन दिवस अबोला.

ते आले मार्चमध्ये. हरभरा काढून झालेला, घाटे वाळून खडखडीत, मग सासूबाईंनी वाळका हरभरा रात्री भिजत घालून भाजीत टाकला. ऊस होता, गुऱ्हाळ चालू होतं. सुगडं कुठं मिळणार, कुंभारवाड्यात सगळे माठाच्या मागे लागलेले, शेवटी लग्नासाठी केलेली बोळकी आणली, ती सुगडापेक्षा जरा उभट असतात, एवढाच फरक. बाजरीची भाकरी बघून हे म्हणाले उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते, मला नको, आणि म्हणता म्हणता तीन खाल्ल्या. होळीच्या तोंडावर संक्रांत बघायला अख्खी आळी आली होती. एका चुलतसासूने नाक मुरडलं, पण वाण घेऊनच गेली. (स्टीलची वाटी होती, का नाही घेणार.)

मापशेकर

संक्रांत नाही, नाताळ. आमच्या शेजारी ख्रिश्चन कुटुंब आहे, त्यांचा बाप तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला. क्रूझवाल्यांना डिसेंबरात सुट्टी मिळतच नाही, तेव्हाच तर गर्दी. तो घरी येतो मे महिन्यात. मुलं लहान होती तेव्हा एकदा हट्ट धरून बसली की पपाबरोबर नाताळ पाहिजे, आणि त्यांच्या आईने खरोखर मनावर घेतलं. नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं. बेबिंका म्हणजे एकावर एक थर, प्रत्येक थर वरून उष्णता देऊन भाजायचा, मग त्यावर पुढचा. मे महिन्यात, गोव्यात, त्या निखाऱ्यांजवळ दिवसभर! मी त्या बाईला मनातल्या मनात दंडवत घातला. बाल्कनीत तारा लावला तर रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे, एकाने विचारलं काढायचा राहिला काय.

पाद्रीबाब म्हणाले की नाताळचा मिस (चर्चमधली प्रार्थना) मेमध्ये करता येत नाही, पण घरी लदाईन करा, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, मी येतो. मेमध्ये आमच्याकडे खुरसांपुढे (क्रुसांपुढे) लदाईनी चालूच असतात त्यामुळे ते कोणाला वेगळं वाटलं नाही. घरातल्या ओटरीसमोर, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यासमोर, सगळे गायले, मग उकडलेले चणे, मोठ्यांना फेणी. मुलांनी गोठा पण केला, नाचणी पेरून हिरवळ उगवली होती, बाळ येशूच्या बाजूला प्लास्टिकचा डायनासोर होता तो का हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ताट आलं, वर क्रोशाचा रुमाल, अगदी डिसेंबरात येतं तसंच. आपल्याकडे आलेलं ताट रिकामं परत पाठवत नाहीत. नाताळात आई करंज्या नाहीतर लाडू घालून पाठवते, या वेळी मानकुराद आंबे ठेवले. मुलांच्या मते तो नाताळ जास्त चांगला.

पावटा

आमच्या आजीला विसरायला होतं. ऑगस्टमध्ये सकाळी उठून म्हणाली उद्या भोगी, तीळ आणलेत का. डॉक्टरांनी सांगितलंय वाद घालू नका, मग तीळ आणले. गूळ दमट हवेने सैल झालेला, पाक काही केल्या गोळीबंद होईना, आम्ही सगळे थर्मामीटर, यूट्यूब वगैरे. तिने कढईत डोकावून बघितलं, म्हणाली चिक्कीचा गूळ नाहीये हा, आणि आच कमी कर. बरोबर होतं. मला मात्र शेजारच्या काकू समजते अजून.

कोरडीभेळ

पोळपाट, बोरांवर उपाय: किराणा दुकानात सुकी बोरं वर्षभर मिळतात, लाल सुरकुतलेली. डोक्यावरून ओतायला हलकी पडतात, लागत पण नाहीत. ओल्या बोरांनी आमच्या मुलाच्या डोक्याला चांगलं टेंगूळ आलं होतं, भर जानेवारीत, सगळं शास्त्रोक्त असताना.

पोळपाट

हे भारी आहे!! आईला सांगितलं, ती म्हणे सुकी बोरं म्हणजे सुतकी वाटतं. आता काय करू.

आगरबोट

रत्नागिरीत आम्ही मेमध्ये केलंय बोरन्हाण, नणंदेच्या मुलीचं, तेही अंगणात. बोरं नाहीत म्हणून सासूबाईंनी सरळ करवंदं घेतली, डोंगरावरून टोपलीभर आणली पोरांनी, बरोबर चुरमुरे, बत्तासे, लिमलेटच्या गोळ्या. करवंदं पिकली असतील तर फुटतात आणि जांभळा रस आणि वर तो चीक, पण झबलं काळंच असतं त्यामुळे काही दिसत नाही. एक करा, करवंदं धुऊन पुसून, देठाची बाजू खाली करून पसरून ठेवा तासभर, चीक गळून जातो. तुमच्याकडे जूनअखेर करवंदं संपलेली असतील, पण जांभळं असतील, ती मात्र बी मोठी असते, कडक कडक निवडून घ्या आणि मोजकीच टाका. फरशीवर करणार असाल तर जुनी चादर घाला, जांभळाचा डाग पांढऱ्या फरशीत बसला की जात नाही.

आमची उत्सवमूर्ती चुरमुरे पडल्या पडल्या जी रडायला लागली ती थांबेचना. आजूबाजूची सगळी पोरं मात्र पाटाखालून, तिच्या मांडीवरून, जिथून मिळेल तिथून गोळ्या लुटत होती. शेवटी कोणीतरी तिच्या हातात फणसाचा गरा दिला.