मदत हवी आहे: मिलिंग मशीनची जुनी मोटर खोलली आहे, एका फेजचं इन्सुलेशन कमी येतंय आणि वरच्या बेअरिंगची हाउसिंग (बसायची जागा) झिजली आहे

मंडळी, उभ्या मिलिंग मशीनच्या हेडवरची मूळ मोटर खोलून टेबलावर ठेवली आहे. दीड एचपी, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, १४१० आरपीएम, स्टार जोडणी, प्लेटवर २.६ अँपिअर. मोटर चालत होती, पण वरचं बेअरिंग वाजायचं आणि फिनिश कट घेताना जॉबवर बारीक लहर उमटायची.

"नवी मोटर बसवा" हा सल्ला आधीच मिळाला आहे. पण हिची फ्लँज आणि शाफ्टची लांबी याच हेडसाठी केलेली आहे, आणि स्टेप पुली थेट शाफ्टवर बसते. दुसरी मोटर घालायची तर अडॅप्टर प्लेट आणि शाफ्टला जोड आला, म्हणजे लहर घालवायला जाऊन नवी लहर आणायची. शिवाय वाइंडिंग अजून चांगलं दिसतंय. भरून घेण्याआधी ते वाचवायचा मनापासून प्रयत्न करायचा आहे.

खोलण्याआधी कव्हर आणि बॉडीच्या सांध्यावर सेंटर पंचाने खुणा केल्या, खाली एक टिंब, वर दोन. ग्रब स्क्रू सोडून पुली पुलरने काढली, हातोडी कुठेच लावली नाही. वरच्या कव्हरमधून वेव्ही वॉशर (लाटेसारखा वाकवलेला, स्प्रिंगसारखा दबणारा) निघाला, तो जपून ठेवला आहे. रोटरवर घासल्याची खूण नाही.

आता अडचण. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स ८ ओहमच्या आसपास, एकसारखा. स्टारच्या पट्ट्या काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) प्रत्येक फेज बॉडीशी तपासली, तर पहिल्या दोन ४० मेगओहमच्या घरात आणि तिसरी फक्त ०.८. खोलीचं तापमान २५ अंश. ही ओल समजायची की इन्सुलेशन गेलं? वार्निश जुनं आहे, तेलकट धूळ बसली आहे, थिनरने धुवायची हिंमत होत नाही.

दुसरं, वरच्या कव्हरमध्ये ६२०५ बेअरिंगची बाहेरची रिंग फिरत होती. रिंगचा व्यास ५२ मिमी, पण बोअर ५२.०६ भरतो. एका अनुभवी फिटरनी बोअरमध्ये पंचाचे ठोके मारून पकड आणायला सांगितलं, दुसऱ्यांनी रिटेनिंग कंपाउंड (रिंग जागेवर चिकटवणारं द्रव्य) लावायला. कोणतं करू?

प्रतिसाद

थिनर आणि अ‍ॅसिटोन लांबच ठेवा, जुनं वार्निश मऊ पडून सुटतं. मऊ ब्रश आणि कमी दाबाची कोरडी हवा पुरे.

ओल असती तर तिन्ही फेज खाली आल्या असत्या. एकच फेज पडते तेव्हा दोष बहुधा एका जागी असतो, आणि ती जागा खाचेच्या आत असेलच असं नाही. त्या फेजच्या दोन्ही वायरी टर्मिनल प्लेटवरून काढून हवेत धरा आणि पुन्हा मेगर लावा. तेल आणि लोखंडाची पूड बसलेली प्लेटच गळती देते. वायरी जिथे बॉडीच्या भोकातून बाहेर येतात तिथलं आवरण तडकलंय का तेही पाहा.

१९७० च्या आधीच्या वाइंडिंगला किमान इन्सुलेशन म्हणजे किलोव्होल्टमधलं व्होल्टेज अधिक १, इथे साधारण १.४ मेगओहम. पण ते ४० अंशांना. तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशन ढोबळमानाने निम्मं होतं, म्हणून २५ अंशांना निदान ४ तरी दिसायला हवं.

पंचाचे ठोके मारू नका. ते टोकांवर पकडतात, थोड्याच दिवसांत दबतात आणि बेअरिंग मध्यावर राहत नाही.

धागाकर्ता

वायरी सुट्या केल्या, ०.८ चे थेट ११ झाले! प्लेटच्या मागे काळा थर होता आणि एका वायरीचं आवरण वळणावर फुटलं होतं. प्लेट बदलतो, वायरीला नवी स्लीव्ह घालतो. मग हाउसिंगला कंपाउंडच लावू ना?

दुसरा प्रतिसाद

थांबा, तुमची झीज वरच्या बाजूला आहे. उभ्या मोटरमध्ये खालचं बेअरिंग रोटरचं वजन घेतं आणि जागेवर पक्कं असतं. वरचं मुद्दाम सरकतं ठेवलेलं असतं. रोटर बॉडीपेक्षा जास्त तापून लांबतो, तेव्हा बाहेरची रिंग वेव्ही वॉशर दाबत वर सरकते. ती कंपाउंडने चिकटवली तर वॉशर निकामी झाला, आणि वाढलेल्या शाफ्टचा सगळा जोर दोन्ही बेअरिंगांच्या गोळ्यांवर येतो. खालच्या हाउसिंगला हाच उपाय मी डोळे मिटून सांगितला असता, वर नाही.

वरच्या कव्हरला बुश मारा, म्हणजे बोअर मोठा करून आत धातूची नवी कडी बसवा. कव्हर फोर जॉ चकमध्ये धरून बॉडीत बसणाऱ्या कडेवर डायल (मध्य तपासायचं घड्याळ) फिरवा आणि त्या कडेला धरूनच बोअर करा. जुन्या बोअरवर डायल लावू नका, तो एका बाजूला झिजलेला असणार. बुशचा आतला बोअर ५२.०० ते ५२.०३ ठेवा, रिंग हाताच्या दाबाने सरकली पाहिजे. लहान मोटरमध्ये रोटर-स्टेटरची फट पाव मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे ही मध्यरेषा फार मोलाची.

बेअरिंग टू-आरएस (दोन्ही बाजूंनी रबरी सीलचं) घ्या, मिलिंगवर कुलंट आणि चिप उडते. क्लिअरन्स सी-३, म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त. शाफ्टवर घट्ट बसल्याने आणि तापल्याने आतली रिंग फुगते, ती जागा लागते. बसवताना ८० अंशांपर्यंतच तापवा, तेलात नाही, आणि दाब फक्त आतल्या रिंगवर.

धागाकर्ता

ही सरकत्या बेअरिंगची गोष्ट आधी कुणीच सांगितली नव्हती, मनापासून आभार. बुश कास्ट आयर्नचं करतो. वाइंडिंग साफ केल्यावर ८०-९० अंशांवर सुकवून हवेत सुकणारं वार्निश मारलं तर चालेल ना?

दुसरा प्रतिसाद

चालेल, पण आधी मोटर गार होऊ द्या आणि मेगर घ्या. आकडा नीट आला तरच वार्निश, नाहीतर ओल आत कोंडली जाईल. जोडणी झाली की पुलीशिवाय चालवून तिन्ही फेजचा करंट पाहा. बिनलोड तो प्लेटवरच्या निम्म्याच्या आसपास किंवा थोडा वर येईल, पण तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत.