बोलीतल्या कादंबऱ्या: कुठे अडलं, कसं सुटलं? (अनुभव धागा)

एखाद्या कादंबरीबद्दल मत विचारलं की "भाषा जरा अवघड आहे, पण छान आहे" हे वाक्य हमखास येतं. त्यातलं 'जरा अवघड' म्हणजे नेमकं काय, ते इथे सोडवून लिहायचं आहे. गेल्या काही महिन्यांत वाचलेली, बोलीत असलेली एक मराठी कादंबरी घ्या. बोली फक्त संवादात आहे की निवेदनातही, कुठे अडायला होतं, त्यावर काय उपाय चालला आणि शेवटी पुस्तक कसं वाटलं, एवढं सांगा. लेखक, साल आणि अंदाजे आकार दिलात तर वाचनालयात शोधणाऱ्याचे कष्ट वाचतील. शेवट सांगायचा असेल तर आधी तसं लिहा. 'मनाला भिडली' एवढ्यावर सुटका नाही!

तळ्याकाठी
उद्धव शेळके, 'धग', १९६०. अमरावतीकडचं शिंपी कुटुंब: कौतिक, तिचा नवरा महादेव आणि मुलं. निवेदन बरंचसं प्रमाण मराठीच्या जवळ आहे, संवाद मात्र अस्सल वऱ्हाडी. त्यामुळे अडतं ते संवादातच, आणि शब्दांपेक्षा क्रियापदांवर जास्त. 'तो जेवून राह्यला' हे पुण्या-मुंबईकडचा वाचक 'जेवला आणि मुक्कामाला थांबला' असं वाचतो. अर्थ आहे 'तो आत्ता जेवतो आहे'. दुसरी ठेच भविष्यकाळाची. 'तो येईन' मध्ये मुद्रणदोष नाही, वऱ्हाडीत तृतीय पुरुषालाही 'ईन' लागतं. तिसरी 'ले' ची: मले, तुले, घराले म्हणजे मला, तुला, घराला. हे तीन नियम पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवले की निम्म्याहून जास्त अडचण संपते.

मत: गरिबीवरच्या पुष्कळ कादंबऱ्या विशेषणांवर चालतात. ही कामांवर चालते. कौतिक काय करते, कुणाकडे जाते, काय मागते आणि काय मागत नाही, एवढ्यावर शेळके सगळं उभं करतात. रडवायला ते कुठे थांबत नाहीत, म्हणून तर जास्त लागतं.

पोस्तातला शिक्का
तळ्याकाठी, कामांचा मुद्दा मान्य. पण मधल्या भागात संकटांची रांग इतकी लागते की पुढचं कधी येणार हे आधीच कळायला लागतं. सलग वाचल्यास हे फार जाणवतं. रोज तीस-चाळीस पानांवर थांबलं तर तेवढं खटकत नाही.

उच्चाराबद्दल थोडी भर. वऱ्हाडीत 'ळ' चा बऱ्याच ठिकाणी 'य' होतो. डोया म्हणजे डोळा, काया म्हणजे काळा. शब्दाच्या सुरुवातीचा 'वि' गळून 'इ' उरतो: इचार, इहीर, इस्तो. कोशात 'इस्तो' शोधून हाती काही लागलं नाही की वाचक शब्द सोडून देतो. आधी ध्वनी जागेवर आणायचा, 'विस्तव' करायचा आणि मग कोश उघडायचा.

ऱ्हस्वदीर्घ
कोशाचा विषय निघालाच आहे तर: यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' या कामाला सगळ्यात उपयोगी. सात खंड, १९३२ ते १९३८, पुढे १९५० मध्ये पुरवणी. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात तो शोधता येतो, पैसे पडत नाहीत. शब्दापुढे कंसात प्रदेशाची खूण असते: (व.) वऱ्हाडी, (गो.) गोमंतकी, (राजा.) राजापुरी, (बे.) बेळगावी. एकाच शब्दाला चार अर्थ दिले असतील तर कादंबरीच्या प्रदेशाची खूण असलेला अर्थ आधी घ्यायचा. ही खूण न पाहता पहिलाच अर्थ उचलला की घोटाळा होतो, आणि तो घोटाळा मग मतप्रदर्शनातही उतरतो.

मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोशही तिथेच आहे, पण त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आणि अर्थ इंग्रजीत. शेती, गुरं, अवजारं यांच्या शब्दांना बरा. विसाव्या शतकातल्या गावातलं राजकारण समजायला तो काय कामाचा?

माणगंगा
नवख्या वाचकाने सुरुवात 'धग'पासून करू नये, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पासून (१९५५) करावी. लहानसं पुस्तक आहे, दोन बैठकांत होतं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शिक्षक म्हणून गेलेला तरुण सांगतो आहे, म्हणून निवेदन स्वच्छ प्रमाण मराठीत. धनगर बोलतात तेव्हाच माणदेशी येते, तीही दोन-चार वाक्यांपुरती. वाचक मास्तरांबरोबरच बोली शिकत जातो, ही रचनेतली सोय आहे आणि लेखकाने ती जाणून केली आहे.

अडतं ते वेगळ्याच गोष्टीवर. 'काहीच घडत नाही' ही तक्रार नेहमीची. कारण वाचक मास्तरांची गोष्ट शोधत राहतो. कारभारी, आनंदा रामोशी, दादू बालट्या अशी माणसं एकेक प्रसंग घेऊन येतात आणि बाजूला होतात. धागा आहे तो वाडीचा: शाळा भरते का, तालीम उभी राहते का, पाऊस पडतो का. या तीन प्रश्नांकडे लक्ष ठेवून वाचलं तर एकही प्रकरण फुकटचं वाटत नाही. शेवटची पानं उरकू नयेत. तिथे वाक्यं आखूड होत जातात आणि दुष्काळ त्या आखूडपणातूनच दिसतो.

नळदुर्ग फाटा
रा. रं. बोराडे, 'पाचोळा', १९७१. इथे सोय नाही. पारबती ही शिंप्याची बायको पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः सांगते, सगळं मराठवाडी बोलीत. प्रमाण मराठीचा टेकू कुठेच नाही. पहिली वीस-पंचवीस पानं तासाला पंधरा पानं या वेगाने जातात, तिथेच बरेच जण पुस्तक मिटतात. यावर एकच उपाय खात्रीने चालतो: पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचायची. डोळ्यांना 'म्हून', 'कव्हा', 'लई' हे शब्द चुकीचे दिसतात, कानाला ते लगेच ओळखीचे लागतात. पुढे वेग आपोआप दुप्पट होतो.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक शब्दाला कोश उघडणं. पारबतीचं वाक्य लांब चालतं, एकातून दुसरं निघतं, मध्ये थांबलं की सूर तुटतो. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पान संपवायचं. त्यातले बहुतेक शब्द पुढच्या चार पानांत दुसऱ्या प्रसंगात येतात आणि अर्थ सांगून जातात. जे उरतील तेवढेच शोधायचे.

मत: गावातल्या बलवंतांशी पडलेलं वैर घरातल्या बाईला जेवढं दिसतं तेवढंच वाचकाला दिसतं. चावडीवर काय ठरलं ते तिला उशिरा कळतं, म्हणून आपल्यालाही. निवेदक तिच्या नवऱ्याला, गंगारामला, केलं असतं तर हीच गोष्ट साधी भांडणाची झाली असती.

तळ्याकाठी
नळदुर्ग फाटा, मोठ्याने वाचण्याबद्दल शंभर टक्के. फक्त 'च', 'ज', 'झ' हे दंत्य की तालव्य याकडे लक्ष हवं. 'माजं' मधला ज 'जहाज' सारखा वाचायचा, 'जीव' सारखा वाचला तर सगळं वाक्य नाटकी वाटतं.

कळंबा
कृष्णात खोत, 'रिंगाण', २०१८, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणात गाव गेलेला देवाप्पा मागे राहिलेल्या, आता रानटी झालेल्या म्हशी आणायला परत जातो. कथानक एवढंच, पुस्तकही मोठं नाही, तरी घाई केली की हातातून निसटतं. माणूस आणि जनावर यांचं डोक्यातलं बोलणं निवेदनात मिसळतं. विचार कुणाचा, हे कळेनासं झालं की परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यावर परत जायचं, बहुतेक वेळा उत्तर तिथे मिळतं.

कोल्हापूरकडच्या कुठल्याही लेखनाला लागू अशी एक सूचना. तिकडे बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी जातो' म्हणते. हे ठाऊक नसलेला वाचक संवाद पुरुषाच्या तोंडी घालतो आणि पुढे पानभर गोंधळतो. नावं न देता नुसते संवाद एकाखाली एक असतील तर क्रियापदावरून बोलणारा ठरवू नये, आधीच्या हालचालीवरून ठरवावा.

विस्थापनावर म्हणून विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'शी (१९९१) तुलना होते. ती कादंबरी कचेऱ्या, कागद, मोबदला, पुढारी यांची, आणि त्यासाठी तिचा मोठा आकार योग्यच आहे. 'रिंगाण'मध्ये कचेरीऐवजी रान आहे. दोन्ही लागोपाठ वाचायच्या असतील तर 'झाडाझडती' आधी.

ऱ्हस्वदीर्घ
इ-पुस्तकावर वाचणाऱ्यांसाठी. काही प्रतींत 'ऱ्य' चा 'र्य' झालेला असतो. मग डोंगरातल्या 'दऱ्या' समुद्रातला 'दर्या' होतात, जेवायला वाढायला स्वयंपाक करणाऱ्या 'आचाऱ्यांऐवजी' 'आचार्यांना' बोलावलं जातं. प्रमाण मराठीत हे लगेच पकडता येतं. बोलीत शब्दच अनोळखी असल्याने चूक प्रतीची की बोली तशीच, हे कळत नाही. विकत घेण्याआधी नमुना पानांत 'दुसऱ्या', 'वाऱ्याने' असले शब्द शोधून पाहावेत. तेच बिघडले असतील तर ती प्रत बोलीतल्या कादंबरीसाठी घेऊ नये.

जुन्या छापील प्रतींत उलटा प्रकार: नांव, कांहीं, घरांत. ही बोली नाही. १९६२ च्या लेखननियमांआधी असे अनुस्वार द्यायची पद्धत होती. त्यांना ग्रामीण ढंग समजून कौतुक करू नये, अशी परीक्षणं वाचनात येतात म्हणून लिहिलं.

जगबुडीकाठ
श्री. ना. पेंडसे, 'तुंबाडचे खोत', १९८७, दोन खंड, हजारावर पानं. बोलीपेक्षा इथे नात्यांवर अडतं. खोतांच्या चार पिढ्या आहेत, आणि एकाच माणसाला घरातले एका नावाने, कुळं दुसऱ्या नावाने हाक मारतात. आडव्या कागदावर वंशवृक्ष काढायला पहिल्याच प्रकरणापासून घ्यावा, पिढीला एक ओळ, आणि नावाखाली कंसात हाकेची नावं. शंभर पानं झाल्यावर काढायला बसलं तर मागे फार चाळावं लागतं. कुळांसाठी वेगळा कागद, ते वंशवृक्षात कोंबले की दोन्ही वाचता येत नाही. तयार तक्ते शोधू नयेत, त्यात कोण कधी मरतं ते आधीच कळतं.

मत: पहिला खंड जास्त भरलेला. माणसं मोठी, पापंही मोठी. दुसऱ्यात काळ बदलतो तशी माणसं शहाणी होतात आणि थोडी फिकी पडतात.

गिरगाव कट्टा
बोली म्हणजे गावच का? भाऊ पाध्ये, 'वासूनाका', १९६५. मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा, सांगणारा पोक्या. अश्लीलतेवरून गाजलेलं पुस्तक, त्यामुळे वाचणारे तेवढंच शोधतात. खरी अडचण ही की साठ वर्षांपूर्वीची टपोरी भाषा दाते-कर्व्यांत नाही आणि आजच्या नाक्यावरही उरलेली नाही. तिथे संदर्भ हाच कोश: शब्द शिवी आहे की लाड, हे ऐकणाऱ्याने पुढच्या ओळीत काय केलं त्यावरून ठरवायचं.

पोस्तातला शिक्का
कट्टा, पण ती कादंबरी म्हणावी का? एकमेकांना लागून असलेल्या कथाच आहेत त्या.

गिरगाव कट्टा
म्हणूनच एका दिवशी एकच भाग वाचावा. सलग वाचलं की पोक्याचा सूर तोच तोच लागतो आणि वाचक दोष लेखकाला देतो. नाका तोच, पोरं तीच, त्यामुळे इथे कादंबरीत मोजायला हरकत नाही.

माणगंगा
प्रस्तावनेचं राहिलं. नव्या आवृत्त्यांना जोडलेल्या अभ्यासपूर्ण प्रस्तावना बहुतेक वेळा कथानक शेवटासकट सांगून टाकतात. अनोळखी बोलीत अर्थाला मदत होईल म्हणून वाचक आधी तीच वाचतो आणि फसतो. पुस्तकाच्या मागे शब्दार्थांची यादी असेल तर तेवढी उघडावी, प्रस्तावनेची पानं क्लिप लावून बंद ठेवावीत.