शॉट चुकतोय हे कळूनही पाय का थांबत नाहीत?

नेटजवळचा:
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं बॅडमिंटन खेळतोय, बहुतेक डबल्स. दम टिकतो, स्मॅशही बऱ्यापैकी परत करतो. पण गेलं वर्षभर एकाच गोष्टीवर पॉइंट जातायत. समोरचा नेटजवळ शटलखाली रॅकेट धरून क्षणभर थांबतो. ड्रॉप (नेटलगत हळूच टाकलेला शॉट) येणार असं वाटून मी पुढे झेपावतो, आणि तो मनगटाच्या झटक्याने शटल माझ्या डोक्यावरून मागे ढकलतो. झेप घेतानाच मला कळलेलं असतं की चुकलं. कळूनही पाय थांबत नाहीत, हे मनाला फार लागतं.

मोबाइलवर रिफ्लेक्स टेस्ट केली. माझे २४० मिलिसेकंद आले, मला नेहमी हरवणाऱ्या मित्राचे २५०. म्हणजे जलद तर मीच आहे! मग तो बरोबर जागी कसा असतो? सगळे सांगतात, "डोकं शांत ठेव." ते ठेवायचं कसं, कोणी सांगेल का?

आखूड सर्व्हिस:
टेबल टेनिसमध्ये माझं हेच व्हायचं. आखूड सर्व्हिस येणार म्हणून पाय आधीच टेबलाखाली सरकवायचो आणि लांब सर्व्हिस पोटावर यायची. टेबल जेमतेम २.७४ मीटर लांब, सावरायला वेळ कुठला! एक सवय लावून घेतली: समोरच्याच्या बाजूला पहिला टप्पा कुठे पडतो ते दिसेपर्यंत पाय हलवायचा नाही. त्याच्या मागच्या कडेजवळ पडला तर बहुधा लांब. सुरुवातीला प्रत्येक चेंडूला उशीर व्हायचा, पण नेटाने तेच करत राहिलो आणि जमलं.

जुना कोच:
चौदा वर्षं बॅडमिंटन शिकवतोय आणि हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची टेस्ट निघायला किती वेळ लागतो ते मोजते. तुमची अडचण थांबण्याची आहे, आणि निघण्यात चपळ असलेला माणूस थांबण्यातही चपळ असेलच असं नाही. थांबणं मोजायची एक पद्धत आहे. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं, पण मध्येच शिट्टी वाजली तर दाबायचं नाही. शिट्टी लगेच वाजली तर हात आवरतो, उशिरा वाजली तर दाबलं जातंच. लोगन आणि कोवन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये याची मांडणी शर्यत म्हणून केली: 'जा' आणि 'थांब' हे दोन हुकूम एकाच वेळी धावतात, जो आधी पोहोचेल त्याचं शरीर ऐकतं. 'थांब'ला निरोगी तरुण माणसातही साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. तुमचा 'थांब' सुटलेला असतो, फक्त तो मागे पडतो.

आपला बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या स्मॅशचा २०२३ मध्ये ५६५ किमी प्रतितास वेग नोंदला गेला, त्याची खूप चर्चा झाली. पण स्मॅशसमोर आवरण्यासारखं फारसं काही नसतं, रॅकेट आडवी घालायची. होल्ड करणारा, म्हणजे शटलखाली रॅकेट धरून क्षणभर थांबणारा, तुमच्या 'जा'लाच आमिष दाखवतो. म्हणून हळू शॉटवर माणसं जास्त फसतात.

आता मित्राचे पाय बघा. समोरच्याची रॅकेट शटलला लागते त्याच सुमाराला तो छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरत असेल. त्या स्प्लिट स्टेपमध्ये शरीर तयार असतं, दिशा मात्र ठरलेली नसते. शिवाय तो पर्याय आधीच खोडत असणार. पर्याय वाढले की प्रतिसाद मंदावतो, हे मानसशास्त्रज्ञ हिक यांनी १९५२ मध्येच दाखवलं होतं. उदाहरणार्थ, शटल नेटच्या पट्टीखाली उतरलं की समोरच्याचं खाली मारणं संपलं. मागच्या दोन होल्डनंतर या माणसाने काय केलं, हेही लक्षात ठेवायचं. दमल्यावर सगळ्यात आधी ही आठवणच सुटते, असा माझा अनुभव आहे.

सराव असा. मी नेटजवळ उभा राहून हाताने शटल देतो. दहातले सात नेटजवळ, तीन मागे. दोन्हीकडे सारखेच दिले तर मुलं सावध होतात आणि आवरायला काही उरत नाही. पुढे धावायची ओढ आधी तयार व्हावी लागते. शटल बोटांतून सुटेपर्यंत दिशा घ्यायची नाही. एक मुलगी सारखी आधीच निघायची. एकदा मी शटल सोडलंच नाही. ते माझ्या बोटांतच, आणि तिचा उजवा पाय पूर्ण लंजमध्ये, म्हणजे पुढे लांब टाकून गुडघ्यात वाकलेला. तिने पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "सर, मी तुमच्या खांद्यावर निघाले." खरंच, देण्याआधी माझा खांदा किंचित झुकत होता. ते मला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

डावखुरी:
'निळा' शब्द लाल रंगात दाखवून रंग विचारणारी ॲप्स असतात. त्यांनी फायदा होईल का?

जुना कोच:
ती स्ट्रूपची चाचणी, १९३५ पासूनची. मोजायला उत्तम. पण सराव केलात तर मुख्यतः त्या चाचणीतच तरबेज व्हाल, कोर्टवर फार काही उतरत नाही. तो वेळ हाताने शटल देण्याच्या या सरावाला द्या, ताई.

नेटजवळचा:
सर, मनापासून आभार. आज मित्राला ३० शटल द्यायला लावली. ११ वेळा आधीच निघालो. त्यातल्या चार वेळा त्याने शटल हातातच ठेवलं आणि मला तसंच उभं राहायला लावलं. चारही वेळा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, बोटांकडे नाही. उद्या सकाळी पुन्हा ३०.