मार्स्ट्रांड: धर्मस्वातंत्र्य की नुसता धंदा?

दर्यावर्दी: गेल्या उन्हाळ्यात स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून मार्स्ट्रांडला जाऊन आलो. फेरीत बसेपर्यंत बेट येतंसुद्धा. मोटारी नाहीत, डोक्यावर कार्लस्टेन किल्ला. १७७५ मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने हे गाव ‘पोर्तो फ्रांको’, म्हणजे जकातमुक्त बंदर, म्हणून जाहीर केलं. कुठल्याही देशाच्या, कुठल्याही धर्माच्या माणसाने यावं आणि राहावं. तोवर स्वीडनमध्ये ज्यू माणसाला बाप्तिस्मा घेतल्याशिवाय राहता येत नसे. इथे त्यांचं प्रार्थनागृह झालं. माझ्या मते त्या देशातल्या सहिष्णुतेचा उगम या चिमुकल्या बेटावर आहे.

खवचट: उगम वगैरे राहू दे. राजाला परदेशी जहाजं आणि परदेशी पैसा हवा होता. सवलत बेटापुरती, पाणी ओलांडलं की जुनाच कायदा. आणि एक गोष्ट तू सोयीस्कर गाळलीस. जिवावर किंवा अब्रूवर बेतणारा गुन्हा नसेल, तर फरारी माणसालाही तिथे अभय होतं. ज्यू व्यापारी आणि फरारी एकाच पंगतीत! याला सहिष्णुता म्हणायचं?

दर्यावर्दी: पंगत कशी का असेना, पान तर मांडलं. सातच वर्षांनी, १७८२ मध्ये, स्टॉकहोम, गोथेनबर्ग आणि नॉरशॉपिंग ही शहरं ज्यूंना खुली झाली. बेटावर आभाळ कोसळलं नाही, हे दिसल्याशिवाय हे झालं असतं?

खवचट: तीनच शहरं, आणि तिथेही सरकारी नोकरी बंद. शिवाय याच राजाने १७८४ मध्ये फ्रान्सकडून कॅरिबियनमधलं सेंट बार्थेलेमी घेतलं, पुढच्या वर्षी तिथलं गुस्ताव्हिया जकातमुक्त केलं. तिथे गुलामांचीही खरेदी-विक्री चाले. मुक्त बंदराला धर्म चालतो तशी माणूसविक्रीही चालते. मोजतात फक्त उलाढाल.

बांगडाप्रेमी: भांडा भांडा, पण मासळी विसरू नका. १७४७ ते १८०९ या काळात बोहुसलेनच्या, म्हणजे मार्स्ट्रांडच्याच भागातल्या, किनाऱ्यावर हेरिंग अक्षरशः लोटत होती. खारवून पिंपं भरायची, उरलेल्या माशाचं तेल काढायचं. त्यात अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू, म्हणजे तटस्थ बंदराला सोन्याचे दिवस. राजा दूरदर्शी होता की लोभी ते तुम्ही ठरवा. हिवाळ्यातही न गोठणारं ते बंदर काही त्याने बांधलं नव्हतं. (हेरिंगचं लोणचं खाल्लंय. आपला सुका बांगडा बरा.)

दर्यावर्दी: गुस्ताव्हियाचा मुद्दा मान्य, त्यावर उत्तर नाही. पण हेतू धंद्याचा होता म्हणून मार्स्ट्रांडमध्ये लोकांनी उघडपणे केलेली प्रार्थना खोटी ठरते का?

खवचट: खोटी कशी? फक्त जागा भाड्याची होती. घरमालकाला, म्हणजे राजाला, १७९२ मध्ये गोळी लागली, वारसांनी १७९४ मध्ये करार मोडला, सवलतच काढून घेतली.